ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर



गांवांत उपदेशकाला लोक जे प्रश्न विचारतात ते सगळेच कांहीं पवित्र शास्त्राविषयींचे नसतात. ग्रहण कशानें लागतें, पटकीचा रोग पाण्यांतून कसा येतो, यरुशलेम शहर आपल्या देशापासून किती दूर आहे, आपल्या शेतांतल्या कापसाचा भाव परदेशांत कां ठरतो, असे एक ना दोन प्रश्न असतात. उपदेशकाला किंवा शाळामास्तराला जेवढें ठाऊक असतें तेवढें तो सांगतो. पुढें कोणाला विचारावें हें त्यालाही कळत नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं अशा वेळीं इंग्रजी जाणणारा मनुष्य एखाद्या साहेबाच्या किंवा कॉलेजाच्या कपाटांतील जाडजूड इंग्रजी कोश उघडून पाहत असे. ज्याला इंग्रजी येत नव्हतें त्याला तें कपाट उघडें असलें काय आणि बंद असलें काय, सारखेंच होतें. मराठी माणसाला आपल्याच भाषेंत असें कपाट मिळावें म्हणून ज्यांनीं आपलें तारुण्य, पैसा आणि शेवटीं प्रकृतीही खर्चीं घातली, त्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांची हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे.

प्रथम ज्ञानकोश म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. शब्दकोश निराळा आणि ज्ञानकोश निराळा. शब्दकोश शब्दाचा अर्थ सांगतो. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व त्याचा संक्षेप आपल्या बाबा पदमनजींनीं तयार केला, हें आपल्या मंडळींपैकीं पुष्कळांस माहीत आहे. ज्ञानकोश वस्तूची माहिती देतो. कडुनिंब हा शब्द शब्दकोशांत पाहिला तर तें एका झाडाचें नांव आहे एवढें कळेल. ज्ञानकोशांत पाहिला तर तें झाड कोणत्या प्रदेशांत होतें, त्याचें लांकूड कशाच्या उपयोगीं पडतें, पाल्याचा व लिंबोळीच्या तेलाचा गुण काय, हें सर्व कळेल. आणि हे विषय अकारविल्हे, म्हणजे अ, आ, इ ह्या क्रमानें लावलेले असल्यामुळें ज्याला मुळाक्षरें येतात त्याला हवी ती गोष्ट कोणाला न विचारतां सांपडते.

युरोपांत हा उद्योग पूर्वींपासून चालत आला होता. फ्रान्स देशांत दिदरो नांवाच्या विद्वानानें १७५१ पासून १७७२ पर्यंत खपून असा मोठा कोश काढिला, आणि त्यांतील मतांबद्दल त्याला सरकारचा रोष सोसावा लागला. स्कॉटलंडांत एडिंबरो शहरीं १७६८ ते १७७१ ह्या सालांत ब्रिटानिका नांवाचा कोश निघाला तो तीनच खंडांचा होता. वाढत वाढत त्याची अकरावी आवृत्ति १९१० व १९११ सालीं निघाली ती एकोणतीस खंडांची झाली. आपल्या देशांत बंगाली भाषेनें पहिला मान घेतला. नगेंद्रनाथ बसु ह्यांनीं बावीस खंडांचा बंगाली विश्वकोश १९११ सालीं तडीस नेला. मराठींत रघुनाथ भास्कर गोडबोले ह्यांनीं १८७६ सालीं भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश प्रसिद्ध केला होता. तो मोठ्या कष्टाचा ग्रंथ खरा, पण त्यांत प्राचीन व्यक्ति व स्थळें ह्यांची माहिती. वाफेचें यंत्र कसें चालतें किंवा चीन देशांत काय पिकतें हें त्यांत कोठून असणार? सर्व विषयांना पुरून उरेल असा मराठी कोश विसावें शतक उजाडलें तरी झाला नव्हता.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजीं रायपूर येथें झाला. शिक्षण अमरावतीस व पुढें मुंबईच्या विल्सन कॉलेजांत झालें. हें कॉलेज स्कॉच मिशनचें. १९०६ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, ते अमेरिकेस निघून गेले. त्या काळीं महाराष्ट्रांतील हुशार मुलगा परदेशीं जाई तो बहुधा विलायतेस, आणि तोही बॅरिस्टर होण्यास किंवा सरकारी सनदी नोकरीची परीक्षा देण्यास. केतकरांनीं ह्यांपैकीं कांहींच केलें नाहीं. इथाका गांवच्या कॉर्नेल विद्यापीठांत राहून त्यांनीं समाज कसा बनतो आणि राज्य कसें चालतें ह्या शास्त्रांचा अभ्यास केला, व १९११ सालीं डॉक्टर ही पदवी मिळविली. ह्या विद्येला त्या वेळीं आपल्याकडे ना नोकरी होती ना फारसा मान होता.

त्यांनीं प्रबंधाकरितां जो विषय निवडला त्याकडे आपल्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. तो विषय जातिभेदाचा. मनुस्मृतीचा बारकाईनें तपास करून त्यांनीं हिंदुस्थानांतील जातींचा इतिहास इंग्रजींत लिहिला. त्याचा पहिला भाग १९०९ सालीं इथाका येथेंच छापून निघाला व दुसरा १९११ सालीं लंडनास. जात कशास म्हणावें ह्या प्रश्नाला त्यांनीं दिलेलें उत्तर थोडक्यांत असें: जो समाज आपल्यांत जन्मलेल्यालाच आपला म्हणतो, आणि आपल्या माणसांना बाहेर लग्न करण्याची मनाई करतो, ती जात. सोवळें, ओवळें, जेवणाची पंगत, धंदा ह्या गोष्टी त्यांनीं पोटांत घातल्या आणि मुळाशीं लग्नाचा निर्बंध आहे हें दाखविलें.

सात वर्षांनीं, १९१६ च्या मे महिन्यांत, न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनीं ह्याच विषयावर निबंध वाचला. पूर्वींच्या युरोपियन पंडितांनीं केलेल्या जातीच्या व्याख्या त्यांनीं एकेक तपासून बाजूस ठेविल्या. केतकरांच्या व्याख्येला मात्र त्यांनीं मान दिला, कारण जातीकडे एकटी न पाहतां सगळ्या जातींच्या रचनेंतील एक घटक म्हणून पाहणारे केतकरच होते. मग त्यांची चूकही दाखविली. जन्मानें सभासद होणें आणि बाहेर लग्न न करणें ह्या दोन गोष्टी नव्हेत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. लग्नाची वाट बंद केली कीं बाहेरचा मनुष्य आंत येण्याची वाट आपोआप बंद होते. एक ब्राह्मण तरुण आणि एक महार तरुण, दोघेही सातासमुद्रांपलीकडे जाऊन त्याच एका कुलपाची किल्ली शोधीत होते. आपण ख्रिस्ती मंडळींनीं हें वाचून हिंदु समाजाकडे बोट दाखविण्याची घाई करूं नये. सोयरीक जुळविण्याची वेळ आली म्हणजे आपल्यांतही मुलाचा आजा पूर्वीं कोण होता ह्याची चौकशी होते, आणि पाळकाला तें ठाऊक नसतें असें नाहीं.

पदवी घेऊन केतकर लंडनला कांहीं काळ राहिले. तेथें एडिथ कोहन ह्या जर्मन यहूदी कुळांतील सुशिक्षित तरुणीशीं त्यांची ओळख झाली. पुढें काय झालें तें ओघानें येईलच. १९१२ सालीं ते स्वदेशीं परत आले. कलकत्त्याच्या विश्वविद्यालयांत त्यांनीं थोडे दिवस शिकविण्याचें काम केलें. दक्षिणेकडे तेलुगु भाषेंत कोमर्राजु लक्ष्मणराव नांवाचे गृहस्थ ह्याच सुमारास तेलुगु ज्ञानकोशाच्या उद्योगास लागले होते. हे लक्ष्मणराव नागपुरास शिकलेले व मराठी चांगली जाणणारे. त्यांचा कोश अ ह्या अक्षरावर तीन खंड होऊन थांबला आणि १९२३ सालीं ते वारले. असल्या कामाला हात घालणारा मनुष्य बहुधा असाच अर्ध्या वाटेवर पडतो.

केतकरांनीं १९१६ सालीं नागपूर येथें ज्ञानकोश मंडळ ह्या नांवाची मर्यादित जबाबदारीची कंपनी स्थापन केली. आपल्याकडे मोठा ग्रंथ काढावयाचा तर ग्रंथकार बहुधा एखाद्या संस्थानिकाच्या दारीं जाई, आणि पहिल्या पानावर त्याची स्तुति छापून उतराई होई. केतकरांनीं कापडाची गिरणी काढावी तसा ज्ञानकोश काढावयाचा ठरविला: भाग विकावयाचे, भागीदार करावयाचे, आगाऊ वर्गणीदार नोंदवावयाचे आणि त्यांच्या पैशांवर लेखक, कारकून व छापखाना चालवावयाचा. ज्या लोकांकरितां ग्रंथ, त्यांनींच त्याचा भार उचलावा, हा त्यांतील हेतु. ऐकावयास हें सोपें वाटतें. पण मंडळींच्या पट्टीचे चार आणे गोळा करण्यास फिरलेला जो कोणी असेल त्याला कळेल कीं, जो ग्रंथ अद्याप लिहिलाच नाहीं त्याच्यासाठीं वकिलाकडे, मामलेदाराकडे आणि शाळामास्तराकडे पैसे मागावयाचे म्हणजे काय दिव्य आहे. त्यांतून तो काळ पहिल्या महायुद्धाचा. कागद महाग झालेला. हा अमेरिकेचा डॉक्टर गांवोगांव हिंडून भाग खपवूं लागला तेव्हां पुष्कळांना तो वेडा वाटला असेल, आणि कांहींना लबाडही.

थोड्या वर्षांत मंडळाचें बिऱ्हाड पुण्यास आलें, कारण लिहिणारे पंडित व ग्रंथसंग्रह तेथें अधिक. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे हे तरुण सहकारी त्यांना लाभले. स्वतःचा छापखाना घालण्यांत आला. असा कोश कसा तयार होतो हें थोडें सांगतों, म्हणजे कामाचा अदमास येईल. प्रथम कोणकोणत्या विषयांवर लिहावयाचें त्याची यादी करावी लागते. गांवें, नद्या, राजे, साधु, रोग, झाडें, धातु, यंत्रें, धर्म, जाती, अशी ती हजारोंनीं भरते. मग एकेक नोंद त्या विषयाच्या जाणत्याकडे सोंपवावी. जाणता मिळाला नाहीं तर कचेरींतील लेखकानेंच इंग्रजी, संस्कृत ग्रंथ चाळून ती लिहावी. लिहून आलें कीं तें तपासावें, लांबलेलें छाटावें, दोन नोंदींत एकमेकांविरुद्ध विधानें असतील तर खरें कोणतें तें शोधावें. पदार्थविज्ञान व रसायन ह्या शास्त्रांतील कित्येक गोष्टींना मराठींत शब्दच नव्हते. ते नवे पाडावे लागले. नंतर छापखान्यांत एकेक खिळा हातानें जुळवून पान बसवावयाचें, त्याचें मुद्रित वाचून चुका दुरुस्त करावयाच्या, पुन्हां छापावयाचें. आणि हें सर्व अक्षरांच्या क्रमानें व्हावयाचें असल्यामुळें क अक्षराची एखादी नोंद अडली कीं ख पासून पुढची सारी पंगत ताटें मांडून वाट पाहत बसली!

ज्ञानकोशाचा पहिला खंड १९२० सालीं वाचकांच्या हातीं पडला. वर्गणीदारांनीं तो उघडला तेव्हां त्यांना अ हें अक्षर दिसलेंच नाहीं. केतकरांनीं कोशाच्या आरंभीं पांच प्रस्तावनाखंड घातले होते. पहिल्यांत हिंदुस्थानाचा जगाशीं संबंध, दुसऱ्यांत वेदविद्या, तिसऱ्यांत बुद्धापूर्वींचें जग, चवथ्यांत बुद्धानंतरचें जग आणि पांचव्यांत विज्ञानाचा इतिहास. अकारविल्हे नोंदी सहाव्या खंडापासून लागतात त्या एकविसाव्यापर्यंत चालतात. बाविसावा खंड सूचीचा, आणि तेविसावा हिंदुस्थानाविषयींचा. वर्गणीदारानें पैसे दिले होते अडलेला शब्द पाहण्यासाठीं, आणि त्याला मिळाला आधीं पांच खंडांचा जगाचा इतिहास. माझ्या मतें ही केतकरांची व्यवहारांतील चूक होती, पण विद्वत्तेंतील नव्हे. त्यांना वाटत होतें कीं, मराठी माणसाला जगाची माहिती तुकड्या तुकड्यांनीं देण्यापूर्वीं, त्या जगांत आपण कोठें उभे आहों हें त्याला कळलें पाहिजे. इंग्रजी कोश त्याला जग दाखवितो तें इंग्रजाच्या खिडकींतून. हें त्यांचें म्हणणें उडवून देण्याजोगें नाहीं.

उणीवा त्यांत आहेत. त्यांची स्वतःची भाषा खडबडीत व जड. वाक्य सुरू झालें तें कोठें संपेल ह्याचा नेम नाहीं. पुष्कळ मजकूर इंग्रजी ग्रंथांवरून घेतलेला. कांहीं नोंदी ऐसपैस तर कांहीं दोन ओळींत आटोपलेल्या. धर्माविषयींचे त्यांचे विचारही आपल्या विचारांशीं जुळणारे नव्हेत. हिंदु समाज टिकावा व वाढावा ह्याच दृष्टीनें ते सर्व गोष्टींकडे, धर्मांतराकडेही, पाहत. तरी १९२० पासून १९२९ पर्यंतच्या दहा वर्षांत तेवीस खंड काढून वर्गणीदारांना दिलेला शब्द ह्या मनुष्यानें पुरा केला, ही गोष्ट राहतेच. बंगाली विश्वकोशाला ह्याहून कितीतरी अधिक काळ लागला होता.

पहिला खंड निघाला त्याच १९२० सालीं एडिथ कोहन हिंदुस्थानांत आल्या आणि केतकरांशीं त्यांचा विवाह झाला. जो पुरुष जातीचें मूळ लग्नाच्या निर्बंधांत आहे असें अभ्यासानें सिद्ध करून बसला होता, त्यानेंच तो निर्बंध आपल्या घरीं मोडला. मात्र तो त्यांनीं आपल्या पद्धतीनें मोडला. नोंदणी करून मोकळें न होतां त्यांनीं व्रात्यस्तोम नांवाचा प्राचीन विधि शोधून काढला, त्या विधीनें पत्नीला हिंदु समाजांत घेतलें व तिचें नांव शीलवती ठेविलें. बाहेरच्याला आंत घेण्याचें दार जुन्या ग्रंथांत आहे हें त्यांना समाजाला दाखवावयाचें होतें. समाजानें तें सहज मान्य केलें नाहीं. शीलवतीबाईंनीं मात्र आपल्याकडून कांहीं कमी केलें नाहीं. त्या मराठी शिकल्या, परक्या देशांतल्या ओढग्रस्तीच्या संसारांत राहिल्या, आणि विंटरनिट्झ ह्या पंडितानें जर्मन भाषेंत लिहिलेल्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचें इंग्रजी भाषांतर केलें. त्याचा पहिला भाग कलकत्ता विश्वविद्यालयानें १९२७ सालीं प्रसिद्ध केला. आजही त्या विषयाचे विद्यार्थी तें वाचतात.

अशा मिश्र विवाहांतून झालेल्या मुलांना समाजांत जागा कोठें, हा प्रश्न केतकरांच्या मनांतून कधीं गेला नाहीं. त्यांनीं ज्या कादंबऱ्या लिहिल्या त्यांतील ब्राह्मणकन्या ही १९३० सालची कादंबरी ह्याच प्रश्नावर आहे. कालिंदी नांवाच्या मुलीचा बाप ब्राह्मण, आजी मात्र एका ब्राह्मणाची रखेली. तेव्हां कालिंदीला कोणी आपली म्हणत नाहीं आणि तिला वर मिळत नाहीं. ज्या आपल्या मंडळ्यांत जुनी जात सुटली पण नवें घर अद्याप नीट बांधलें गेलें नाहीं, त्यांतील आईबापांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाहीं.

कोश पुरा झाला, पण कोशकार रिकामा झाला. बारा वर्षांच्या श्रमाचा हिशेब त्यांनीं एका पुस्तकांत मांडला. मराठी ज्ञानकोशानंतर त्यांनीं गुजराती ज्ञानकोशाला हात घातला. तो दोन खंडांपलीकडे गेला नाहीं. विद्यासेवक नांवाचें मासिक चालविलें, प्राचीन महाराष्ट्राचा इतिहास लिहिला. सातवाहन राजांवरचा त्याचा भाग १९३५ सालीं निघाला. १९३१ सालीं हैदराबादेस भरलेल्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांना देण्यांत आलें. मान मिळाला, द्रव्य मिळालें नाहीं. एखाद्या विद्यापीठानें त्यांना बसवून चार विद्यार्थी हाताखालीं दिले असते तर महाराष्ट्राचें किती कल्याण झालें असतें! मधुमेहानें शरीर पोखरलें होतें. पायाला झालेली जखम त्या रोगामुळें बरी होईना, ती चिघळत गेली, आणि १० एप्रिल १९३७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. वय त्रेपन्न वर्षांचें. शीलवतीबाई त्यांच्यामागें पुष्कळ वर्षें जगल्या व आपल्या संसाराची कहाणी त्यांनीं स्वतः मराठींत लिहून ठेविली.

ज्ञानकोशाच्या कचेरींत जे तरुण तयार झाले त्यांनीं काम पुढें नेलें. दाते व कर्वे ह्यांनीं १९३२ ते १९३८ ह्या काळांत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढिले. पुढें महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर सरकारनेंच हा भार उचलला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या हाताखालीं वाई येथें मराठी विश्वकोशाची कचेरी बसली व त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. ज्या कामाला केतकरांनीं घरोघर वर्गणी मागितली तें आतां सरकारच्या तिजोरींतून होऊं लागलें, आणि तरीही विसावा खंड पुरा होण्यास २०१५ साल उजाडलें.

छापील कोशाला एक दुखणें जन्मापासून असतें. अ चा खंड छापून झाला कीं तो तेथेंच थिजतो. ह पर्यंत पोंचेतों जग बदललेलें असतें. केतकरांचे खंड निघत होते त्याच काळांत तुर्कस्तानचें राज्य जाऊन १९२३ सालीं तेथें लोकसत्ता आली आणि पुढच्याच सालीं खिलाफतही गेली. असल्या घडामोडींना छापील कोश कसा पुरा पडणार? चूक सांपडली तर पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागते, आणि केतकरांच्या ज्ञानकोशासारख्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति काढावयास पैसा कोठून आणावा? ह्यावर उपाय निघाला तो संगणकाचा. पुस्तक कागदावर न छापतां यंत्रांत सांठविलें म्हणजे एक ओळ बदलावयाची असल्यास तेवढीच बदलतां येते, आणि दूरच्या मनुष्याला तें तारेवांचून वाचतां येतें. विकिपीडिया नांवाचा असा कोश २००१ सालीं सुरू झाला. त्यांत वाचकच लेखक असतात व एकमेकांच्या चुका सुधारतात, कधीं वाढवितातही. त्याची मराठी आवृत्ति २००३ सालीं निघाली. अडीचशें वर्षें छापून निघणाऱ्या ब्रिटानिकानें २०१२ सालीं कागदावर छापणें बंद केल्याचें जाहीर केलें. तिचा शेवटचा छापील संच बत्तीस खंडांचा होता. वाईचा विश्वकोशही महाजालावर ठेवण्यांत आला. आणि केतकरांचा ज्ञानकोश, ज्याचे खंड जुन्या ग्रंथालयांतून कसरीला पोसत पडले होते, तोही मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननें पुन्हां जुळवून महाजालावर सर्वांना फुकट वाचण्यास खुला केला.

मुंबईच्या उपनगरांत चेंबूरच्या पलीकडे देवनार आहे. शहराचा केर १९२७ सालापासून तेथें नेऊन टाकूं लागले, म्हणजे केतकरांचे खंड छापले जात होते तेव्हांपासून. त्या केरांतून कागद, कांच, पत्रा वेंचून पोट भरणारीं कुटुंबें त्याच्या कडेला वस्ती करून राहिलीं. त्यांत आपल्या गांवांकडून दुष्काळांत निघून गेलेलींही आहेत. मोठ्या घरांतील माणसें जुनीं पुस्तकें काढून टाकतात तीं रद्दींत जातात, आणि रद्दीचा शेवट कोठें होतो हें त्या वेंचणाऱ्यांना ठाऊक असतें. त्याच देवनारास समाजशास्त्र व समाजसेवा शिकविणारी टाटा संस्था आहे. ती १९३६ सालीं, केतकरांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीं, मुंबईंत निघाली व १९५४ सालीं देवनारच्या जागेंत आली. जी विद्या शिकण्यासाठीं केतकरांना १९०६ सालीं समुद्र ओलांडावा लागला ती आतां केराच्या डोंगरापासून फार दूर नाहीं. आणि त्या वस्तींतील ज्या मुलाला मराठी वाचतां येतें व ज्याच्या घरीं एक साधा मोबाइल आहे, त्याला तेवीस खंड उघडण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. केतकरांनीं भाग विकले तेव्हां असा वाचक त्यांच्या यादींत असणें शक्य नव्हतें.

आपल्या उपदेशकांपैकीं जे कोणी हा कोश उघडून पाहतील त्यांच्यासाठीं दोन सूचना. महाजालावर नोंदी अक्षराप्रमाणें लावलेल्या आहेत; पण पांच प्रस्तावनाखंड वेगळे आहेत, ते सवड काढून वाचावे, आणि त्यांतही विज्ञानेतिहासाचा खंड आधीं घ्यावा. दुसरें असें कीं, गांवांची लोकसंख्या म्हणून त्यांत जे आंकडे सांपडतात ते त्या काळच्या शिरगणतीचे आहेत. ते आजचे म्हणून शाळेंत सांगूं नयेत. रोगांच्या बाबतींत तर अधिकच जपावें. क्षय, प्लेग, विषमज्वर ह्यांवर त्यांत जें लिहिलें आहे तें आजचीं जंतुनाशक औषधें निघण्यापूर्वींचें. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ सालीं सांपडलें, तेव्हां केतकरांना जाऊन सहा वर्षें झालीं होतीं. असा आजारी मनुष्य मंडळींत असेल तर त्याला आधीं सरकारी दवाखान्यांत न्यावें, आणि कोश मागाहून उघडावा.